चांगली मालिका नेमकी कुठे घसरते? ('गेम ऑफ थ्रोन्स' आणि इतर)

देवचाफा

सूचना: या धाग्यात 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवट उघड केलेला आहे. पाहिली नसेल तर आधी पाहून या.

मार्टिनच्या कादंबऱ्यांवर बेतलेली ही राजघराण्यांच्या सत्तासंघर्षाची मालिका धाकट्या भावाने पाहिली नव्हती, म्हणून त्याच्यासोबत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले चार सीझन आजही जागेवरून हलू देत नाहीत. सातव्यात मात्र भाऊ भाग चालू असतानाच उठून पाणी प्यायला जायला लागला आणि परत आल्यावर "मधे काय झालं?" हे विचारेनासा झाला.

२०१९ मध्ये शेवटचा सीझन आला तेव्हा सगळा राग त्या सहा भागांवर निघाला. हा सीझन नव्याने लिहून पुन्हा चित्रित करा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्याच वर्षी त्याच सीझनला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिकही मिळालं. आठव्या सीझनवर खापर फोडलं की मूळ दुखणं नजरेआड होतं, असं मला वाटतं. शेवट काय केला याच्याशी माझं भांडण नाहीच. ड्रॅगन बाळगणारी राणी डनेरिस शहर जाळते, तिचा प्रियकर जॉन तिला मारतो, स्टार्क घराण्यातला ब्रान राजा होतो. नीट बांधत आणलं असतं तर हे सगळं पटलं असतं.

ही मालिका एका नियमावर उभी होती. जे कराल त्याची किंमत मोजावी लागेल, मग तुम्ही कितीही लाडके असा. नेड स्टार्कला राणी सर्सीचं गुपित कळतं, की तिची मुलं राजाची नाहीत, तेव्हा तो आधी तिलाच जाऊन सांगतो की मुलांना घेऊन निघून जा. मुलांची दया येते म्हणून सांगतो. त्या दयेपायी पहिल्या सीझनच्या नवव्या भागात त्याचं मुंडकं जातं. नेडचा मुलगा रॉब फ्रे घराण्याशी ठरलेली सोयरीक मोडून मनाजोगतं लग्न करतो, आणि तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात त्याच फ्रेंच्या मांडवात तो, त्याची बायको आणि आई कापली जातात. पाहताना हादरायला होतं, पण मागे वळून पाहिलं की एकेक पायरी स्पष्ट दिसते.

अंतरालासुद्धा किंमत होती. पहिल्याच भागात राजा विंटरफेलला पोचतो तेव्हा महिनाभर प्रवास करतोय म्हणून सर्सी कुरकुरते. वाटेत माणसं एकमेकांना भेटतात, भांडतात, मैत्र जुळतं. अर्धी गोष्ट रस्त्यातच घडते. आता सातव्या सीझनचा सहावा भाग घ्या. जॉन आणि त्याची माणसं भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यातल्या खडकावर अडकतात. गेंड्री धावत ईस्टवॉचला जातो, तिथून चिठ्ठी घेऊन पक्षी ड्रॅगनस्टोनला जातो, ती वाचून डनेरिस ड्रॅगन घेऊन निघते आणि वेळेत पोचतेसुद्धा. मधे जवळजवळ अख्खा खंड आहे. वेळेचा हिशेब चुकला याचं मला तितकंसं वाटत नाही. अंतर नाहीसं झालं तशी माणसांपुढची अडचण नाहीशी झाली, याचं वाटतं. कोणी कुठेही कधीही पोचणार असेल तर कुणाला सोडायचं आणि कुणाला वाचवायचं हा प्रश्नच उरत नाही.

आणि हे पैशाअभावी झालेलं नाही. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात, आठवा सहा, एकूण ७३. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती, आवरतं घ्यायचं निर्मात्यांनीच ठरवलं.

तुमच्या मते कुठली मालिका नेमकी कुठे घसरली? "पुढे बोअर झाली" एवढं न लिहिता भाग, प्रसंग सांगा. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल.

कडूलिंब

एवढं फिरून जायची गरज नाही. पुस्तकं संपली, मालिका संपली. मूळ कादंबऱ्यांचा लेखक मार्टिन याचं पाचवं पुस्तक २०११ च्या जुलैत आलं, मालिका त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. सहावं पुस्तक अजून आलेलं नाही. पाचव्या सीझनपर्यंत बहुतेक मजकूर हाताशी होता, सहाव्यापासून फक्त पुढच्या घटनांचा ढोबळ आराखडा. मूळ लेखकालाच इतक्या वर्षांत जी गाठ सुटली नाही, ती दोन पटकथाकारांनी दर वर्षी ठरल्या तारखेला सोडवावी ही अपेक्षाच जास्त आहे.

देवचाफा

कडूलिंब, पुस्तकांचा मुद्दा खरा आहे, पण त्याने सगळं सुटत नाही. पहिल्या सीझनमधला राजा रॉबर्ट आणि सर्सीचा प्रसंग आठवतो? दोघंच बसलेत, दारू आहे, आणि आपलं लग्न कधी काळी जमलं असतं का यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलतात. तो पुस्तकात नाही. दुसऱ्या सीझनमध्ये हॅरनहॉलच्या किल्ल्यात नेडची मुलगी आर्या सर्सीच्या बापाची, टायविनची, पाणक्या म्हणून राहते, तेही नाही. पुस्तकात ती तिथे रूज बोल्टनच्या हाताखाली असते. मालिकेतले सगळ्यात सुंदर संवाद याच लोकांनी स्वतःच्या डोक्याने लिहिलेत. पहिल्या सीझनचे काही भाग लांबीला कमी पडत होते म्हणून असे दोन माणसांचे स्वस्तात होणारे प्रसंग वाढवले गेले.

त्याच सीझनमध्ये लढाई दाखवायला पैसे नव्हते, म्हणून सर्सीचा भाऊ टिरियन सुरुवातीलाच डोक्यावर फटका बसून बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तेव्हा लढाई आटोपलेली असते. आठव्या सीझनच्या तिसऱ्या भागातल्या लढाईसाठी ५५ रात्री चित्रीकरण केलं. इतक्या रात्रींच्या त्या मेहनतीतून एका माणसाबद्दल नवीन काय कळलं, ते मला सांगता येणार नाही. म्हणजे लिहिता येत नव्हतं असं नाही. दोन माणसांना एका खोलीत बसवून बोलू देणं त्यांनी सोडून दिलं.

पिंपळपान

डनेरिसच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितेय. "अचानक वेडी झाली" हे मला कधीच पटलं नाही. सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात तेव्हा ती शांतपणे बघत उभी असते, हा पहिला सीझन. दुसऱ्यात दगा देणाऱ्या झारोला आणि आपल्या दासीला रिकाम्या तिजोरीत जिवंत कोंडते. मीरीन शहरात १६३ गुलाम मुलांना खांबांवर ठोकलं होतं, म्हणून ती गुलामांच्या १६३ मालकांना ठोकते. त्यातला कोण दोषी, कोण निर्दोष हे विचारतही नाही. सातव्यात तिच्यापुढे गुडघे न टेकणाऱ्या टार्ली बापलेकांना जाळते. दर वेळी आपण टाळ्या वाजवल्या, कारण समोरचे लोक आपल्याला नकोसे होते. शेवटी समोर साधी माणसं आली तेव्हा आपल्याला धक्का बसला. मला हा शेवट त्या मालिकेतला सगळ्यात धाडसी वाटतो.

देवचाफा

पिंपळपान, टाळ्यांचं तुम्ही म्हणता ते अगदी मान्य. बी पेरलेलं होतंच. पण आठव्या सीझनच्या पाचव्या भागात घंटा वाजतात, म्हणजे शहर शरण आलंय. ती जिंकलेली आहे. तिचा चेहरा काही क्षण दिसतो आणि ती ड्रॅगन गल्ल्यांवर सोडते. त्यानंतर भाग संपेपर्यंत तिचा चेहरा आपल्याला दाखवतच नाहीत! फक्त वरून आग येत राहते. आठ वर्षं जिच्या डोळ्यांनी आपण अर्धं जग पाहिलं, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात भयंकर निर्णयाच्या वेळी आपल्याला बाहेर उभं केलं. आणखी चार-पाच भाग असते, जिवलग सखी मिसांदेईच्या मृत्यूनंतर तिचं एकटं पडणं, जॉनचं तिच्यापासून दूर सरकणं हे सावकाश दिसलं असतं, तर तुमचंच म्हणणं जास्त लोकांना पटलं असतं.

एडिसनकर

विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांच्या 'लॉस्ट'चं उदाहरण देतो, कारण तिथे उलटं घडलं. आम्ही इकडे अमेरिकेत ती दर आठवड्याला एबीसी वाहिनीवर बघायचो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात चर्चा. तिसऱ्या सीझनमध्ये ती साफ रुतली होती. त्यात एक भाग जॅकच्या दंडावरचं गोंदण कुठून आलं यावर आहे. गोंदणाचं कुतूहल कुणालाच नव्हतं. मालिका कधी संपणार हेच लेखकांना माहीत नव्हतं, म्हणून ते जागच्या जागी पाय आपटत होते. नंतर लेखकांनी स्वतःच सांगितलं की तसलेच भाग दाखवून त्यांनी वाहिनीला पटवलं. मे २००७ मध्ये जाहीर झालं की मालिका २०१० मध्ये संपेल. त्याच महिन्यात तिसऱ्या सीझनचा शेवट आला, ज्यात आपण मागचा काळ बघतोय असं वाटतं आणि शेवटच्या प्रसंगात कळतं की हा पुढचा काळ आहे. चौथा सीझन पुन्हा ताठ उभा राहिला. अगदी शेवटाबद्दल मतभेद आहेत, असू देत. पण संपायची तारीख मिळाल्यावर लेखकांच्या अंगात जीव आला हे डोळ्यांनी पाहिलंय.

खुन्यांनाच मारणाऱ्या खुनी नायकाच्या 'डेक्स्टर'चं कारण वेगळं. चौथ्या सीझननंतर मुख्य लेखक क्लाइड फिलिप्स गेले. जॉन लिथगोचा तो थंडगार खुनी आणि बाथटबमधला तो शेवट, त्याच्यापुढे जायला कुणाकडे काही नव्हतं, आणि मालिका २०१३ पर्यंत ओढली.

तळकोकणी

आमच्या घरची गोष्ट म्हणून 'रात्रीस खेळ चाले'वर लिहितोय. २०१६ साली पहिला भाग लागला तेव्हा आमच्या गावात रात्री साडेदहाला रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. चित्रीकरण झालं तो आकेरीतला वाडा आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा. मालिकेवर आमच्याकडे रागही होता. कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश असं दाखवता म्हणून लोक चिडले होते, आणि ते चिडणं मला चुकीचं वाटत नाही.

तरी पहिल्या पर्वात काय पक्कं होतं ते सांगतो. घरचे कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात, सगळी भावंडं वाड्यात गोळा होतात आणि प्रश्न जमिनीच्या वाटणीचा असतो. आमच्याकडे घराघरात सामाईक सातबाऱ्यावर वीस-वीस नावं आहेत, मुंबईचे भाऊ गणपतीला येतात तेव्हा जेवणं झाल्यावर हाच विषय निघतो. भुतापेक्षा ती वाटणी भीतिदायक होती. प्रल्हाद कुडतरकरने संवाद लिहिले आणि पांडूही त्यानेच केला, त्यामुळे मालवणी कानाला खरी लागायची. 'इसरलंय' अजून आमच्याकडे पोरंटोरं म्हणतात.

२०१९ चं दुसरं पर्व मागच्या काळातलं, अण्णा जिवंत असतानाचं. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी ते गाजवलं, पहिल्यापेक्षा जास्तच. माझ्या मते घसरण तिथेच सुरू झाली, लोकप्रिय असताना. अण्णा-शेवंता लोकांना इतके आवडले की गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरायला लागली. अण्णांच्या बायकोच्या, माईंच्या भूमिकेत शकुंतला नरे जे करत होत्या ते कोपऱ्यात गेलं. नवऱ्याचं सगळं माहीत असलेली, तरी चूल आणि घर धरून बसलेली ती बाई हाच खरा गाभा होता. २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं तेव्हा दोघंही भुताच्या रूपात परत. लॉकडाऊनमध्ये चित्रीकरण थांबलं, मधे मोठा खंड पडला, पुढे शेवंता करणारी अभिनेत्रीही बदलली. या अडचणी कुणाच्या हातातल्या नव्हत्या. पण मेलेला माणूस रोज रात्री अंगणात दिसायला लागला की त्याची भीती वाटायची बंद होते.

रात्रपाळी

मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो. कुठल्या ते सांगत नाही. एडिसनकरांनी तारखेचा मुद्दा काढला म्हणून आतलं थोडं लिहितो, कारण प्रेक्षकांचा राग बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो.

आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर वाहिनीची क्रिएटिव्ह टीम. आठवड्याचे सहा भाग, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटांचा मजकूर. हातात तयार भागांची बँक असली तर असते, नाहीतर आज लिहिलेलं उद्या शूट होऊन परवा दिसतं. गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती लोकांनी पाहिलं त्याचे, आकडे येतात. ज्या प्रसंगाला आकडा चढला तो ट्रॅक वाढतो, उतरला तो तिथेच तुटतो. म्हणजे गोष्ट कुठे जाणार हे दर गुरुवारी नव्याने ठरतं. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही एखाद्या पात्राच्या तोंडी एक वाक्य टाकून ठेवलेलं असतं, पुढे उपयोगी पडेल म्हणून. ते पात्रच गायब होतं.

लांबवायचं कसं त्याच्याही ठरलेल्या जागा आहेत. प्रसंग दोघांमध्ये लिहिला तर तीन मिनिटांत संपतो. तोच जेवणाच्या टेबलावर आठ जणांमध्ये लिहिला की प्रत्येकाची एकेक प्रतिक्रिया, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा, आणि अर्धा भाग होतो. लग्न असेल तर मेंदी, हळद, संगीत, मग कुणीतरी मंगळसूत्र लपवतं, आणि रविवारी महाएपिसोड. सांगितलं तसं लिहावं लागतं.

आणि बंद करायचं ठरलं की काही आठवड्यांची मुदत मिळते. वर्षानुवर्षं विष कालवणारी बाई एका भागात पाया पडून सुधारते ती त्यामुळे. आम्हाला ते लिहिताना लाज वाटत नाही असं समजू नका. देवचाफा, तुमच्या त्या निर्मात्यांना वाहिनी आणखी भाग देत होती आणि त्यांनी नाही म्हटलं, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. इतकी मोकळीक आमच्यापैकी कुणालाही कधी मिळालेली नाही.

मुग्धा_ना

'होणार सून मी ह्या घरची' आठवली. पहिलं वर्षभर श्री, त्याच्या सगळ्या आया आणि जान्हवी यांच्यासाठी आमच्याकडे जेवणाची वेळ बदलली होती. पुढे जान्हवीचं बाळंतपण काही केल्या येईना. आई म्हणायची, चांगल्या मुलीची गोष्ट होती, तिचं हसू करून टाकलं.

रात्रपाळी, तुमच्या पोस्टीमुळे बरंच कळलं. मग 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' कशी काय जमली? २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी, गाजत असतानाच संपली.

रात्रपाळी

कारण ती गोष्टच मर्यादित होती. खोटं ठरवून केलेलं लग्न खरं होईपर्यंत. ते खरं झालं की सांगायला काही उरत नाही, आणि सतीश राजवाडे तिथेच थांबले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'ला दुसरा फायदा होता. आठवड्यातून एकच भाग, आणि प्रत्येकाची गोष्ट त्या-त्या भागात पुरी व्हायची. शिवाय आबा करणाऱ्या दिलीप प्रभावळकरांच्याच लिखाणावर ती उभी होती, त्यामुळे ते घर कसं बोलेल हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोजच्या मालिकेला हे दोन्ही मिळत नाही.

कडूलिंब

'सेक्रेड गेम्स'चं नाव अजून कसं आलं नाही? पहिला सीझन २०१८, दुसरा २०१९, दोन्ही आठ-आठ भागांचे. पहिल्यात मुंबई खरी होती, कारण जितेंद्र जोशीचा हवालदार काटेकर खरा होता. त्याचं घर, बायकोशी बोलणं, पगाराची ओढाताण, साहेबावरची, इन्स्पेक्टर सरताजवरची, माया. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे तो मरतो आणि मालिकेतला जमिनीवरचा माणूस जातो. दुसऱ्यात गुंड गायतोंडे केनियात, मग गुरुजींचा आश्रम, जगबुडीचं तत्त्वज्ञान. शहर बेचिराख होणार म्हणे, पण ज्या शहराची काळजी वाटावी ते शहर पडद्यावर फारसं दिसतच नाही.

एडिसनकर

काटेकरबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडे अमराठी मित्रांनाही तोच लक्षात आहे.

पिंपळपान

तारखेचा मुद्दा सगळ्यांनी मान्य केल्यासारखा दिसतोय, मला थोडी शंका आहे. 'ब्रेकिंग बॅड' घ्या. ६२ भाग, २००८ ते २०१३, कुठेही पाय घसरला नाही. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला नायक वॉल्टच्या गाडीच्या डिकीत मशीनगन दाखवली आहे. ती दाखवली तेव्हा तिचं पुढे काय करायचं हे लेखकांनाच ठाऊक नव्हतं, असं मालिकेचे निर्माते-लेखक विन्स गिलिगन यांनी सांगितलंय. वॉल्टचा साथीदार जेसी याला तर पहिल्याच सीझनमध्ये मारायचं ठरलं होतं, ॲरन पॉलचं काम पाहून बेत बदलला. म्हणजे शेवट माहीत नसतानाही उत्तम लिहिता येतं. आणि उलट, देवचाफा म्हणतात त्या मालिकेत शेवट माहीत होता, तारीख ठरलेली होती, तरी ती कोसळली!

देवचाफा

पिंपळपान, तुमचं म्हणणं पटतं. तारखेने फार तर पाणी घालणं थांबतं. तुमच्या उदाहरणातल्या लेखकांनी 'शेवटी काय व्हायला हवं' असं न विचारता 'हा माणूस आता जिथे अडकलाय तिथून तो काय करील' एवढंच विचारत भाग रचले. 'थ्रोन्स'मध्ये शेवट आधी आला आणि माणसांना तिकडे ओढत नेलं.

ते ओढणं पहिल्यांदा कुठे दिसलं, ते या वेळी भावासोबत बघताना नीट हेरलं. पाचवा सीझन. कारस्थानी लिटलफिंगर नेडची मुलगी सान्सा हिला विंटरफेलला नेऊन क्रूर रॅमसीच्या हवाली करतो. सगळ्या राज्याची गुपितं खिशात घेऊन फिरणारा हा माणूस, आणि रॅमसीला म्हणतो की तुझ्याबद्दल फारसं काही कानावर आलेलं नाही. पुस्तकात रॅमसीशी लग्न लावून देतात ते दुसऱ्याच मुलीचं, जेन पूलचं, तिला आर्या म्हणून खपवून. मालिकेला सान्सा विंटरफेलमध्ये हवी होती, म्हणून सगळ्यात हुशार माणसाला तेवढ्यापुरतं अडाणी केलं. सहाव्या सीझनच्या पाचव्या भागात सान्साच त्याला तोंडावर विचारते: रॅमसी कसा आहे हे तुला माहीत नसेल तर तू मूर्ख आहेस, आणि माहीत असेल तर तू माझा शत्रू आहेस. त्याच्याकडे उत्तर नसतं.